फंड आणि दोन डावे संचे

माझा फंड मी स्वतः सांभाळला. एकूण एकोणीस दिवस.

एवढ्याशा अनुभवावर माणसानं तोंड उघडू नये, असं काहीजण म्हणतील. पण जे शिकायला शहाण्या माणसाला आख्खं आयुष्य लागतं, ते मी तीन आठवड्यांच्या आत शिकलो, आणि वर दोन दिवस वाचवले!

सुरतेच्या एका रेशमी कापडाच्या मिलमध्ये मी सत्तावीस वर्षं टाइमकीपर होतो. गेटजवळच्या खोलीत बसायचं आणि कोण वेळेवर आलं, कोण उशिरा आलं, कोण आलंच नाही पण 'आलो होतो' म्हणतं, हे रजिस्टरात लिहायचं. धुळ्याकडून पोटासाठी सुरतेला आलो तो या खोलीत शिरलो आणि रिटायर होऊनच बाहेर पडलो. लिंबायतला आमचं दोन खोल्यांचं पत्र्याचं घर, स्वतःचं. घरात मी आणि कमळाबाई, म्हणजे माझी बायको. एकुलता एक मुलगा, राजाराम, भुसावळला रेल्वेत. एकाहत्तर-बाहत्तरच्या सुमाराला मिलनं मला एक शाल, एक नारळ आणि अकरा हजार चारशे रुपयांचा फंड देऊन घरी पाठवलं. नारळ त्याच दिवशी फोडला. फंड फोडायला थोडे दिवस लागले.

फंड आला आणि माझ्या लक्षात आलं, की तो सांभाळायला सगळं जग टपून बसलेलं आहे. पानवाला म्हणाला, व्याजानं फिरवा. गल्लीतला एकजण म्हणाला, जमीन घ्या, भेस्तानकडे कोणी विचारत नाही अशा भावात मिळते. (त्याचं मी ऐकलं असतं, तर आज हा लेख नोकरानं लिहिला असता.) राजारामचं पत्र आलं, की बाबा, तुम्ही आणि आई फंड घेऊन भुसावळलाच या, मी सगळं बघतो. त्यातलं 'फंड घेऊन' हे तीन-चारदा आलं होतं. मुलगा वाईट नाही. पण त्याचं क्वार्टर दीड खोलीचं, सून कडक शिस्तीची. मागं एकदा कमळाबाई तिथं महिनाभर राहून आली, तर तिला दुसरा कप चहा हवा असला की सुनेला विचारावं लागायचं. आल्यावर ती मला एवढंच म्हणाली, की आता सुरतेतच मरायचं. म्हणून हा फंड म्हणजे आमच्या दोघांचा दुसरा कप चहा होता. तो टिकला तर लिंबायत, गेला तर भुसावळ. इतका सरळ हिशेब होता.

कमळाबाईचं मत पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं. आमच्या घरात अहिराणी बोलतात. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "पोस्टमा ठेवा. तठे कोनी हात लावत नही."

मला काही महत्त्वाचं बोलायचं असलं की मी शाळेतली मराठी काढतो. ती काढून मी तिला सांगितलं, की पोस्टात पैसा झोपतो. पैशाला कामाला लावलं पाहिजे. सत्तावीस वर्षं मी आठशे माणसांना कामाला लावलं, तर अकरा हजार रुपये काय अवघड आहेत? वास्तविक मी कोणालाच कामाला लावलं नव्हतं, फक्त लिहून घेतलं होतं. पण ही गोष्ट मला तेव्हा आठवली नाही, आणि तिनं आठवण करून दिली नाही. ती भाकरी उलटत राहिली.

तर मी ठरवलं, की दोन संचे घ्यायचे. यंत्रमागाला सुरतेत संचा म्हणतात. शेठ लोक सूत देतात, आपण कापड विणून द्यायचं, मीटरवर मजुरी घ्यायची. आमच्या घराच्या जुन्या मालकाची पिठाची चक्की होती, त्यामुळे मोटर चालेल असं विजेचं कनेक्शन तयार होतं. पुढच्या खोलीत दोन संचे मावतील, एक कारागीर ठेवायचा, आपण खुर्ची टाकून बसायचं. खुर्चीपर्यंतची सगळी योजना बिनचूक होती.

जुने संचे विकणारे जमनभाई म्हणून एक सज्जन होते. त्यांच्या शेडमध्ये मी इस्त्रीचा सदरा घालून गेलो आणि मिलचं नाव सांगितलं. सत्तावीस वर्षं मिलमध्ये होतो म्हटल्यावर त्यांनी खुर्ची पुसली, चहा मागवला. 'मिलमध्ये' म्हणजे गेटपाशी, हा तपशील मी दिला नाही. मग मी दोन्ही संच्यांभोवती हात मागे बांधून फिरलो. एका चाकाला बोटानं टिचकी मारली. ती का मारली ते मला माहीत नव्हतं, पण आमचे वीव्हिंग मास्तर मारायचे. जमनभाई आदरानं बघत होते. किंमत दोन्हींची मिळून सहा हजार. मी पैसे काढणार, तेवढ्यात त्या प्रामाणिक माणसानं मला थांबवलं.

"बेय डाबा हाथना छे, साहेब. तमने चालशे ने?"

दोन्ही डाव्या हाताचे आहेत, चालतील ना. गुजराती मला छान समजते. शब्द न् शब्द समजला. फक्त संच्याला हात असतो, आणि तो डावा-उजवा असतो, हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होतो. आता अशा वेळी शहाणा माणूस काय करतो? विचारतो, की भाई, म्हणजे काय? एका प्रश्नाचं काम. पण इस्त्रीचा सदरा, पुसलेली खुर्ची, अर्धा प्यालेला चहा, या सगळ्यासमोर तो प्रश्न माझ्या तोंडातून निघेना.

मी चहा संपवला, कप खाली ठेवला आणि म्हणालो, "मारे डाबा ज जोइए."

मला डावेच पाहिजेत! जमनभाई माझ्याकडे बघतच राहिले. त्या संच्यांचे दोन्ही उजवे जोडीदार कुठल्याशा आगीत गेले होते, आणि हे दोन डावे दोन वर्षं धूळ खात पडले होते. येणारा प्रत्येक माणूस बघून परत जायचा. आज पहिल्यांदा कोणीतरी मागून घेत होतं. त्यांनी शंभर रुपये आपण होऊन कमी केले आणि मला शेडच्या दारापर्यंत सोडायला आले. मी घरी येताना मनात म्हटलं, व्यवहार असा करतात.

दुसऱ्या दिवशी संचे सुटे करून हातगाडीवरून आले. गल्लीतली पोरंबाळं, बाया, सगळे जमले. कमळाबाई पदराला हात पुसत बाहेर आली. आता एक गोष्ट सांगायची राहिली. मी मिलच्या गेटवर बसत होतो त्यातली सहा वर्षं ही बाई मागच्या गल्लीतल्या एका शेठच्या खात्यात, म्हणजे संच्यांच्या कारखान्यात, कांड्या भरायला जायची. कांडी म्हणजे धोट्यात, म्हणजे आडवं सूत घेऊन संच्यात इकडून तिकडे धावणाऱ्या लाकडात, बसवायची सुताची बारीक रीळ. म्हणजे मी लांबून ज्या यंत्रांचा आवाज ऐकला, त्यांच्या शेजारी बसून ती रोज आठ तास काम करत होती. तिनं गाडीभोवती फेरी मारली नाही, टिचकी मारली नाही. उभ्या उभ्या एकदा बघितलं.

"दोन्ही डावाच शेतस," ती म्हणाली. "उजवा कोठे शे?"

मी म्हणालो, मुद्दाम घेतले. ती म्हणाली, मुद्दाम कसाले? मी म्हणालो, ते तुला नाही कळायचं. पडलो तरी नाक वर म्हणतात, ते माझ्यासारख्यांना बघूनच म्हणत असावेत.

प्रकरण मला समजावून सांगितलं ते जोडणी करायला आलेल्या फिटरनं. एक कारागीर दोन संचे चालवतो. ते समोरासमोर ठेवतात आणि मधल्या वाटेत तो उभा राहतो. एक संचा डावा, एक उजवा असला, की दोन्हींची हँडलं वाटेच्या एकाच टोकाला येतात. सूत तुटलं की जागच्या जागी हात घातला, बंद केलं, सांधलं, चालू केलं. दोन्ही डावे असले तर एक हँडल वाटेच्या या टोकाला आणि दुसरं त्या टोकाला. शिवाय मोटरची बाजूही उलटी येते. माझ्या घरात ती नेमकी स्वयंपाकघराच्या दारात येत होती.

मी अजिबात डगमगलो नाही. मी फिटरला म्हणालो, एवढंच ना? मग एक संचा फिरवून ठेव. फिरवला की उजवा होईल.

फिटरनं पाना खाली ठेवला. तो मला आप्पा म्हणायचा. म्हणाला, "आप्पा, माणूस पाठमोरा उभा केला म्हणून त्याचा डावा हात उजवा होत नाही."

तरी मी फिरवायला लावलाच. संचा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, शिक्षा केलेल्या पोरासारखा, आणि त्याच्यासमोर जायला माणसाला जागा उरली नाही. मग परत होता तसा ठेवला. या फिरवाफिरवीची मजुरी वेगळी झाली. शेवटी एक मोटर दारात बसली, पट्टा गरगर फिरू लागला, आणि कमळाबाईला चुलीकडे जायचं तर पदर खोचून, अंग चोरून, तिरकं जावं लागायचं. ती बोलली असती तर मला जरा बरं वाटलं असतं.

दोन दिवस विचार करून मी यावर असा तोडगा काढला, की आजही त्याचं मला कौतुक वाटतं. संचे डाव्या हाताचे ना? मग डावखुरा कारागीर शोधायचा! नाचता येईना त्याला अंगण वाकडं असतं. मी अंगणाला साजेसा नाचणारा शोधायला निघालो. चार दिवस लिंबायतच्या गल्ल्यागल्ल्यांतून मी माणसांच्या हातांकडे बघत हिंडलो. कोण कुठल्या हातानं विडी धरतो, कुठल्या हातानं पाणी पितो. एकानं मला पोलिसाचा माणूस समजून पत्ते लपवले. पाचव्या दिवशी उखडू सापडला. पारोळ्याकडचा, पंचविशीचा, कुशल कारागीर, आणि डाव्या हातानं तंबाखू मळत होता. त्याला मी जास्त मजुरी कबूल केली, पन्नास रुपये उचल दिली आणि वाजत गाजत घरी आणला. एका शेठकडून सूत आणलं. संचे सुरू झाले. घर हादरू लागलं, भिंतीवरचा आरसा नाचू लागला, आणि मी खुर्ची टाकली.

उखडू बिचारा इमानदार होता. एका संच्याचं सूत तुटलं की तो या टोकाला धावायचा. तोपर्यंत दुसऱ्याचं तुटायचं, की त्या टोकाला. बंद करायला पोचेपर्यंत संचा रिकामाच धडधडत राहायचा आणि कापडाऐवजी जाळी विणायचा. दुपारपर्यंत त्याच्या एवढ्या फेऱ्या झाल्या, की तेवढ्यात तो चालत उधन्याला पोचला असता. तीन दिवसांनी तो माझ्या खुर्चीसमोर येऊन उभा राहिला.

"आप्पा," तो म्हणाला, "मन्हा हात डावा शे, पन पाय दोनच शेतस."

त्याचं म्हणणं, एक संचा चालवतो, दुसऱ्याला माणूस बघा. दुसऱ्या माणसाची मजुरी दिली तर मला काही उरत नव्हतं. तेव्हा दुसऱ्या संच्यावर मी स्वतः उभा राहिलो. सत्तावीस वर्षं मिलमध्ये होतो, मला कसली भीती!

माझा संचा पहिली दोन-तीन मिनिटं फार सुंदर चालला. मी उखडूकडे बघून मानही हलवली. ती हलवायला नको होती. मी कुठंतरी काहीतरी दाबलं, किंवा दाबायचं ते दाबलं नाही, आणि खाडकन आवाज होऊन लाकडी धोटा, लोखंडी टोकाचा, संच्यातून सुटला. तो माझ्या कानाजवळून, मोटरवरून, स्वयंपाकघराच्या दारातून गेला आणि कमळाबाईसमोरच्या पिठाच्या परातीत रुतून बसला. परात गरकन फिरली. पांढरी झालेली कमळाबाई उठली, तिरकी होऊन दारातून आली, हँडल ओढून संचा बंद केला, धोटा पदरानं पुसला, कांडी बघितली, तुटलेली सुतं भराभर सांधली, धोटा जागी बसवला आणि संचा चालू केला. सगळं मिळून एक मिनिट. कापड विणलं जायला लागलं. उखडू तोंडात बोट घालून बघत राहिला, आणि मी तिच्या नाकावरच्या पिठाकडे बघत राहिलो, कारण डोळ्यांकडे बघायची सोय नव्हती.

त्याच दुपारी शेठचा माणूस तयार कापड न्यायला आला. त्यानं ते उजेडात धरलं. कापडातून त्याला माझा चेहरा स्वच्छ दिसला असावा. सूत वाया घालवल्याचे दीडशे रुपये भरून द्या आणि पुढचं सूत विसरा, असं सांगून तो गेला. उखडू हळूच चपला घालून ओट्यावर जाऊन बसला. संचे बंद झाल्यावर घरात फार शांतता वाटली. कमळाबाई परात स्वच्छ करत होती. तिनं वर न बघता विचारलं, "आते भुसावळले जानं पडी का?"

आता भुसावळला जावं लागेल का. रागानं नाही विचारलं. खरोखरच विचारलं, म्हणजे तशी तयारी करायला. सांगायला लाज वाटते, पण त्या क्षणी मी घाबरलो. सत्तावीस वर्षांत इतकी भीती मला कधी वाटली नव्हती. मी शाळेतली मराठी शोधली, पण ती काही सापडेना. मी म्हणालो, "मले समजत नही."

ती उठली, तोंड धुतलं, नवं लुगडं नेसली आणि म्हणाली, चला. मी विचारलं कुठं, तर ती पुढं निघालीसुद्धा होती.

जमनभाईंनी मला बघताच पुन्हा खुर्ची पुसली. कमळाबाई उभीच राहिली. तिनं सरळ सांगितलं, की एक संचा परत घ्या. जमनभाई नम्रपणे म्हणाले, की बेन, मी विचारलं होतं, साहेबांनी स्वतःच डावे मागून घेतले. कमळाबाईनं हळूच मान वळवून माझ्याकडे बघितलं. ही गोष्ट तिला आत्ता कळत होती. मला वाटलं, आता इथंच, या शेडमध्ये, माझी शोभा होणार. तिनं पुन्हा मान जमनभाईंकडे वळवली.

"साचुं कहुं, भाई?" ती शांतपणे म्हणाली. "ए तो मिलमां हाजरी लखता हता. संचो एमणे बहारथी ज जोयो छे."

खरं सांगू का, हे तर मिलमध्ये हजेरी लिहायचे, संचा यांनी बाहेरूनच बघितला आहे. जमनभाईंनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, साहेब, तुम्ही स्वतः सांगा. मी उभा राहिलो. आठशे माणसांना उशिराचं कारण विचारणारा मी, घसा खाकरून म्हणालो, की मला डावं-उजवं ठाऊक नव्हतं, आणि विचारायची लाज वाटली.

जमनभाई आधी नुसते हलले. मग खुर्चीत बसले. मग त्यांनी आतून धाकट्या भावाला बोलावलं आणि मला म्हणाले, साहेब, फरीथी कहो ने, परत एकदा सांगा ना. मी परत सांगितलं. भाऊ हसत हसत आत गेला आणि मुनीमजींना घेऊन आला. मी तिसऱ्यांदा सांगितलं. तिसऱ्या खेपेला मला तेवढी लाज वाटली नाही, उलट सांगण्यात जरा सफाई आली होती. जमनभाईंनी डोळे पुसले, चहा मागवला, आणि एक संचा अडीच हजाराला परत घेतला. साडेचारशे रुपयांची खोट होती. माझी अब्रू बाजारात यापेक्षा जास्त किमतीला गेली नसती.

तिथून कमळाबाई मला घेऊन आपल्या जुन्या शेठकडे गेली. त्याच्या खात्यात एक उजवा संचा एकटा पडून आहे, हे तिला गेल्या वर्षापासून माहीत होतं. सव्वीसशेला तो ठरवला. आठवड्याच्या आत डावा आणि उजवा समोरासमोर बसले, मोटर दारातून हलली, उखडू एका जागी उभा राहून दोन्ही संचे चालवू लागला आणि त्याच शेठनं सूतही दिलं. उरलेला फंड कमळाबाईनं पोस्टात टाकला, स्वतःच्या नावावर. दर शनिवारी ती मजुरी आणायला स्वतः जाते. भुसावळला आम्ही गेलो, पण उन्हाळ्यात, चार दिवस, आंबे घेऊन. सुनेनं न विचारता दुसरा कप चहा दिला.

माझ्यावर तिचा राग नाही. रिकामं बसून माणसाचं डोकं फिरतं म्हणून तिनं मला त्याच संच्यांवर नोकरी दिली आहे. उखडू वेळेवर आला की नाही ते वहीत लिहायचं. त्याची वही असते एका ओळीची, पण अक्षर मी चांगलं काढतो. महिन्याच्या एक तारखेला ती उखडूचा पगार देते आणि मग माझा. माझ्या पगारातून दरमहा पाच रुपये कापून घेते. पहिल्यांदा कापले तेव्हा मी विचारलं, हे कसले?

"फंडना," ती म्हणाली. "म्हातारपनमा तुम्हलेच लागी."

मी लगेच वहीत सही केली. तो फंड कोण सांभाळणार, हे मी विचारलं नाही. तेवढं मला आता कळतं.